लॉवेलचा १७ वर्षांचा सैनिक
आज अमेरिकेतल्या लॉवेलला बूट कॉटन मिल्स या जुन्या कापड गिरणीच्या म्युझियममध्ये गेलो होतो. साचेखात्याच्या, म्हणजे मागांच्या खात्याच्या, दारातच कानात घालायला बोळे मिळाले. आत पाऊल टाकलं आणि पायाखालची जमीन थरथरायला लागली. आमचे आजोबा परळच्या गिरणीत साच्यावर होते. घरीही ओरडूनच बोलायचे. त्याचं कारण आज कळलं.

मग सिटी हॉलसमोरच्या ग्रॅनाइटच्या स्तंभापाशी बराच वेळ बसलो. ल्यूथर लॅड आणि ॲडिसन व्हिटनी यांचं हे स्मारक. दोघंही इथले कामगार. लॅड यंत्रशाळेत होता, वय अवघं १७. अमेरिकेतलं यादवी युद्ध पेटलं, राष्ट्राध्यक्ष लिंकननी सैनिक मागितले, तशी ही पोरं सहाव्या मॅसॅच्युसेट्स पलटणीबरोबर निघाली. १९ एप्रिल १८६१ ला बाल्टिमोरमध्ये एका स्टेशनातून दुसऱ्या स्टेशनात जाताना दक्षिणेची बाजू घेणाऱ्या जमावाने त्यांना गाठलं. आधी दगड, मग गोळ्या. चार सैनिक गेले, त्यात हे दोघं. रणांगण त्यांनी पाहिलंच नाही.

त्या युद्धात अमेरिकेचा कापूस अडला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, हे शाळेत शिकलो होतो. लॅडचं नाव मात्र कधी कानावर आलं नव्हतं.

माझा मुलगाही १७ चाच आहे. घरी आल्यावर त्याला उगाचच हाक मारली.