पोहता येते, एवढे पुरत नाही

हर्णै बंदरात वाढलेल्या मुलाला पाण्याची भीती कशी असेल, असे आमच्या घरात सर्वांचेच मत होते आणि माझेही. शाळेच्या सगळ्या सुट्ट्या सुवर्णदुर्गाच्या अंगाला होडीवरून उड्या मारण्यात गेल्या होत्या. त्यामुळे हॉटेल मॅनेजमेंट आणि गोव्यातील एका हॉटेलातली दोन वर्षांची नोकरी पाठीशी घेऊन यॉटवर, म्हणजे सहलीच्या आलिशान जहाजावर, स्टुअर्ड म्हणजे पाहुण्यांची सरबराई करणारा म्हणून जायचे ठरवले, तेव्हा त्यासाठी लागणारे प्राथमिक सुरक्षा प्रशिक्षण म्हणजे आपल्यापुरती कागदाची पूर्तता आहे, अशी माझी समजूत होती. ती पहिल्याच दिवशी पोहण्याच्या तलावाच्या काठावर, एका उडीपाशी संपली.

आधी थोडे या प्रशिक्षणाच्या दाखल्याविषयी. दर्यावर्दींचे प्रशिक्षण, त्यांचे दाखले आणि जहाजावरचा पहारा यांचे किमान निकष ठरवणारा आंतरराष्ट्रीय करार १९७८ मध्ये झाला. सगळे त्याला नुसते ‘एसटीसीडब्ल्यू’ म्हणतात. २०१० मध्ये मनिला येथे त्यात मोठ्या दुरुस्त्या झाल्या. त्यानुसार नव्या माणसाला पाण्यात जीव वाचवणे, आगीशी लढणे, प्रथमोपचार आणि वैयक्तिक सुरक्षा व सामाजिक जबाबदाऱ्या असे चार विषय शिकावे लागतात, आणि त्यांच्या जोडीला जहाजाच्या संरक्षणाचा एक छोटा अभ्यासक्रम असतो. भारतात प्रवेश घेण्यापूर्वी नौवहन महासंचालनालयाचा इंडोस नंबर, म्हणजे दर्यावर्दीचा ओळख क्रमांक, काढावा लागतो. युरोपात हा संच बहुधा पाच दिवसांत आटोपतो. मी नवी मुंबईतील एका संस्थेत केला, तिथे जेमतेम दोन आठवडे लागले.

ताटे-ग्लास मांडणाऱ्याला हे सगळे कशासाठी, असा प्रश्न मलाही पडला होता. याचे उत्तर यॉटच्या आकारात आहे. मोठ्या क्रूझ जहाजावर शेकडो कर्मचारी असतात आणि आगीचे काम त्यासाठीच तयार केलेल्या तुकड्यांकडे जाते. चाळीस मीटरच्या यॉटवर मात्र कॅप्टनपासून आचाऱ्यापर्यंत सगळे मिळून आठ-नऊ जण असतात, आणि संकटसमयी कोणी काय करायचे याच्या यादीत स्टुअर्डच्या नावापुढेही काम लिहिलेले असते. बहुधा ते पाहुण्यांना गोळा करून मोजण्याचे आणि त्यांना लाइफजॅकेट चढवण्याचे असते. १९ ऑगस्ट २०२४ च्या पहाटे इटलीतील सिसिली बेटाच्या पोर्तिचेल्लो बंदराबाहेर नांगरलेली ‘बेझियन’ ही शिडाची यॉट वादळात सापडून काही मिनिटांत बुडाली. तिच्यावरच्या २२ जणांपैकी ७ जण दगावले आणि त्यांत यॉटचा आचारीही होता. समुद्र हुद्दा विचारत नाही, हे मला वर्गात बसण्याआधीच कळायला हवे होते.

आता त्या उडीकडे येतो. प्रशिक्षक हे निवृत्त बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम, होते आणि त्यांना सगळे ‘सर’ म्हणत. त्यांनी लाइफजॅकेट घालून फळीवरून पाण्यात उतरायला सांगितले आणि मी गावाकडच्या सवयीने दोन पावले धावून सूर मारण्याच्या बेतात असताना त्यांनी मागून पट्टा धरला. “पोहायला येतं ना तुला? मग तुझ्यावर जास्त मेहनत घ्यावी लागणार,” ते म्हणाले. लाइफजॅकेट घालून उंचावरून उडी मारली, की पाण्याचा धक्का बसताच त्याची कॉलर वर उसळते आणि हनुवटीवर आदळते. नीट बसवलेले नसेल तर मानेलाही इजा होते. म्हणून एका हाताने नाक-तोंड झाकायचे, दुसरा हात त्यावरून आडवा घेऊन जॅकेट खाली दाबून धरायचे, खाली पाण्यात कोणी नाही याची खात्री करायची, नजर समोर क्षितिजावर ठेवायची आणि उडी न मारता नुसते एक पाऊल पुढे टाकून पाय जुळवून सरळ खाली जायचे. खाली पाहिले की शरीर पुढे झुकते आणि माणूस तोंडावर पडतो. मी तीनदा खाली पाहिले आणि तीनदा नाकात पाणी गेले; शेजारचा विदर्भातला मुलगा, ज्याने आयुष्यात समुद्र दोनदाच पाहिला होता, पहिल्याच खेपेला खांबासारखा सरळ उतरला. त्याला विसरण्यासारखे काहीच नव्हते.

खरी उलथापालथ झाली ती त्यानंतरच्या तासाला. पाण्यात पडल्यावर पोहू नका, असे सरांनी सांगितले. जवळ काही धरण्यासारखे असेल तरच पोहा. एरवी गुडघे छातीशी घ्या, हात अंगाशी घट्ट ठेवा आणि स्थिर राहा. अनेक जण असाल तर एकमेकांना बिलगून घोळका करा. यामागचे कारण साधे आहे. पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने शरीराची उष्णता ओढून घेते, आणि हातपाय मारले की अंगाजवळ तापलेला पाण्याचा थर निघून जाऊन त्याच्या जागी नवे थंड पाणी येते. कोकणात हे कोणाच्या लक्षात येत नाही, कारण आमचे पाणी जानेवारीतही अंगावर घेण्यासारखे असते. पण ज्या भूमध्य समुद्रात यॉटचा हंगाम एप्रिल-मेच्या सुमारास सुरू होतो, तिथे फ्रान्समधील आंतीबच्या किनाऱ्याला एप्रिलमध्ये पाणी १४-१५ अंशांवर असते. अशा पाण्यात अचानक पडल्यावर पहिले काही क्षण श्वास आपल्या ताब्यात राहत नाही आणि आपोआप मोठे श्वास घेतले जातात. त्याच वेळी तोंड पाण्याखाली असेल, तर उत्तम पोहणाराही तिथेच संपतो. म्हणजे मला जे येत होते, त्याचा उपयोग श्वास आटोक्यात आल्यानंतरचा होता.

उलटा पडलेला लाइफराफ्ट, म्हणजे हवेने फुगणारा जीवरक्षक तराफा, सरळ करण्याचा सराव मला आजही अंगावर काटा आणतो. वाऱ्याचा अंदाज घेऊन राफ्ट अशा बाजूने धरायचा की वारा त्याला उचलायला मदत करील. ज्या बाजूला वायूचे नळकांडे असते त्या बाजूवर उभे राहायचे, तळाचा पट्टा धरायचा आणि सगळे वजन मागे टाकायचे. राफ्ट उठतो, क्षणभर डोक्यावर उभा राहतो आणि थेट आपल्यावरच पडतो. त्या अंधारात घाबरायचे नाही, कारण तळ लवचीक असतो आणि हाताने वर ढकलला की श्वासापुरती हवा मिळते. मग उताणे होऊन, चेहरा वर ठेवून, काठाकडे सरकायचे. मी अर्थातच पालथा पोहत निघालो, दोरीत अडकलो आणि सरांनी बाहेर ओढले. पाचव्या खेपेला जमले.

आगीच्या वर्गात माझी अशी फजिती झाली नाही, पण एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. धुराने भरलेल्या अंधाऱ्या खोलीत भिंत चाचपताना तळहात वापरायचा नाही, हाताची मागची बाजू वापरायची. उघड्या तारेला तळहात लागला तर बोटे आकसून ती तार धरून बसतात, मागची बाजू लागली तर हात आपोआप दूर ओढला जातो. पाठीवरचे हवेचे सिलिंडर किती पुरेल, हे आकड्यापेक्षा माणसाच्या धास्तीवर अवलंबून असते. हवा संपत आल्याची माझी शिट्टी गटात सर्वांत आधी वाजली. पेटत्या तेलावर पाणी ओतू नये, हे प्रात्यक्षिकात पाहिल्यापासून घरी आईच्या कढईजवळ मी अग्निरोधक चादर लटकवली आहे, आणि तिचा उपयोग सध्या तरी गरम भांडी उतरवण्यासाठी होतो.

प्रथमोपचारात प्रत्येक ३० दाबांनंतर २ श्वास हे सूत्र सर्वांना पाठ होते, पण मिनिटाला शंभर ते एकशेवीस या गतीने छाती पाच-सहा सेंटिमीटर दाबताना दोन मिनिटांत खांदे भरून येतात, हे पुतळ्यावर हात ठेवल्याशिवाय कळत नाही.

सर्वांत कंटाळवाणा म्हणून बदनाम असलेला चौथा विषय मला व्यवहारात सर्वांत आधी उपयोगी पडला. कोणत्याही २४ तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती हा दर्यावर्दीचा हक्क आहे, हे त्यात शिकवतात. त्याच ओघात सागरी कामगारांच्या २००६ च्या कराराचा विषय निघाला. त्यानुसार नोकरी मिळवून देण्याचे शुल्क दर्यावर्दीकडून घेता येत नाही. वर्गात बसलो होतो, तेव्हा माझ्या खिशात एका एजंटने मागितलेल्या अडीच लाखांचा हिशेब लिहिलेला कागद होता. भारतात भरती करणाऱ्याकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो. त्या एजंटला मी परवान्याचा क्रमांक विचारला आणि त्यानंतर त्याने माझा फोन उचलला नाही.

या दाखल्याने नोकरी मिळत नाही, हेही सांगायला हवे. वैद्यकीय तपासणी, व्हिसा, सीडीसी म्हणजे दर्यावर्दीचे ओळख व सेवा-नोंद पुस्तक, आणि ज्या ध्वजाखाली यॉट नोंदवलेली आहे त्या देशाला कोणते कागद चालतात याची लेखी खातरजमा, ही सगळी वेगळी दगदग आहे आणि ती माझी अजून चालू आहे. शिवाय पाण्यातले आणि आगीचे प्रशिक्षण दर पाच वर्षांनी ताजे करावे लागते.

जूनमध्ये घरी गेलो तेव्हा मासेमारी बंद होती आणि काकांची बोट किनाऱ्यावर शाकारून ठेवलेली होती. लाइफजॅकेटे जाळ्यांखाली होती, दुकानातून आणलेल्या प्लॅस्टिकच्या वेष्टनात तशीच. मी ती काढली, पट्टे काकांच्या मापाचे केले आणि बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, उभा राहून त्यांना नाक धरून उतरण्याची रीत दाखवली.

“अरे, आमच्या सात पिढ्या दर्यावर गेल्या, कोणी नाक धरलं काय रे?” काका म्हणाले. मग थोड्या वेळाने त्यांनी जॅकेट अंगात घालून पाहिले, कॉलर हाताने वर ढकलून हनुवटीला लागते का ते तपासले, आणि नारळी पौर्णिमेला बोट लोटण्याआधी उरलेल्या चौघा खलाशांचे पट्टेही बघून ठेव, असे मला सांगितले.