निफाडचा पारा

पंजाब मेल निफाडला थांबत नाही. लासलगाव मागं पडलं की दारात जाऊन उभं राहायचं, आपलं गाव अंधारातून धडाडत मागं जाताना बघायचं, मग नाशिकरोडला उतरून तोच रस्ता उलटा यायचा, ही माझी भरती झाल्यापासूनची सवय. त्या जानेवारीतही पहाटे उठून दार उघडलं. गारठा असा आत शिरला की खालच्या बर्थवरचे एक आजोबा गोधडीतून ओरडले, "ओ फौजी, दार लावा! निफाड आलं ते कळलं आम्हाला."

रुळाच्या दोन्ही अंगांना लांबवर जाळ दिसत होते. बागांमधल्या शेकोट्या. आमच्याकडे पारा पाचच्या खाली घसरायला लागला की द्राक्षाच्या बागेत रात्रभर जाळ-धूर करतात, नाहीतर पाणी उतरलेल्या मण्यांना तडे जातात आणि वर्षाची कमाई वाया जाते. मी जाळ मोजायला लागलो. तेवीस झाले आणि गाडी पुढं निघून गेली.

का मोजले? 104 दिवस मी दुसरं काही केलंच नव्हतं.

सियाचिनवर आमची पोस्ट 19,000 फुटांच्या आसपास होती. नाव लिहीत नाही. आठ माणसं, दोन फायबरच्या हट, आणि बर्फ तुडवून केलेला एक ओटा, त्याला हेलिपॅड म्हणायचं. मुक्काम 90 दिवसांचा, पण हवामानानं आमची रिलीफ, म्हणजे आमच्या जागी येणारी तुकडी, चौदा दिवस लांबवली. 1984 च्या एप्रिलमध्ये ऑपरेशन मेघदूत झालं तेव्हापासून तिथं फौज आहे, आणि 2003 च्या नोव्हेंबरातल्या युद्धबंदीपासून गोळीबार थांबलाय. गावात हे सांगितलं की लोकांचा चेहरा पडतो. "मग तिथं करता काय?"

मोजतो. सकाळी माणसं, मग रॉकेलचे जेरीकॅन, मग दोराच्या कड्या. सेन्ट्रीवरून आत आलेला गडी नीट बोलतोय का ते बघतो, कारण बोलणं बरळल्यासारखं झालं की ते थकल्याचं लक्षण नसतं, मेंदूला सूज येत असते. चीता हेलिकॉप्टर आलं तर पंखा चालूच ठेवून मिनिटभरसुद्धा टेकत नाही. तेवढ्यात काय उतरलं आणि काय चढलं तेही मोजतो. बाकी वेळ बर्फ वितळवायचा. प्यायला तोच, स्वयंपाकाला तोच. त्या स्टोव्हची आणि बुखारीची, म्हणजे हट गरम ठेवणाऱ्या शेगडीची, काजळी घशात इतकी बसते की खाली आल्यावरही बरेच दिवस थुंकी काळी पडते.

सॅटेलाइट फोनवर प्रत्येकाला काही मिनिटं मिळायची. माझं आणि नानांचं, म्हणजे वडिलांचं, बोलणं ठरलेलं.

"कसं आहे?"

"सगळं ठीक. तिकडं?"

"इकडं काय होतंय? सगळं ठीक."

डिसेंबरात एका रात्री बर्फ वितळवायची पाळी माझी होती. डोकं असं ठणकत होतं की उठवेना. माझा जोडीदार कराडकडचा. "पड तू," म्हणाला आणि माझ्या जागी बसला. स्टोव्हचं नोझल तुंबलं होतं. पिन मारायला हातमोज्यात बोटं वळत नाहीत, म्हणून त्यानं उजव्या हाताचा मोजा काढला. किती वेळ, ते त्यालाही सांगता आलं नाही. बोटं पांढरी पडली, मग जाणीव गेली. वायरलेसवर डॉक्टर सांगत होते तसं आम्ही करत राहिलो: कोमट पाणी, चोळायचं नाही, परत गारठू द्यायचं नाही. बाहेर तीन दिवस हात पुढं केला तर तो दिसू नये असं वादळ होतं. चौथ्या दिवशी हेलिकॉप्टरनं त्याला खाली नेलं. दोन बोटं गेली, एक अर्धं. हॉस्पिटलमधून त्याचा निरोप आला, "अंगठ्यांचा खर्च वाचला, सासऱ्याला कळवा." पोस्टवर आम्ही सगळे हसलो. मी पण हसलो.

जानेवारीत रिलीफ आली. नवी पोरं हटमध्ये शिरली तेव्हा आधी त्यांच्या अंगाचा साबणाचा वास आला. आम्ही साडेतीन महिने आंघोळ केली नव्हती. हँडिंग-टेकिंगला आख्खा दिवस गेला. दोर, बर्फाच्या कुऱ्हाडी, दुर्बीण, दारूगोळा, रॉकेल, सगळ्यावर सही. त्या स्टोव्हवरही सही झाली. त्यांच्यातल्या एकाला मी बाजूला घेतलं आणि नोझल मोजा घालूनच कसं साफ करायचं ते दाखवलं. चिमटा दोरीनं स्टोव्हलाच बांधून ठेवला होता आम्ही, डिसेंबरनंतर. त्यानं कशासाठी ते विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

उतरायचं रात्री, बर्फ घट्ट असतो तेव्हा. उन्हं चढली की भेगांवरचे बर्फाचे पूल भरवशाचे राहत नाहीत. एका दोरात सगळे, पुढच्याचा पाय पडला तिथंच आपला पाय. वर गेलो तेव्हा माझ्या पुढं कराडकर होता, आता साहेब होते. बेस कॅम्पला ओपी बाबाच्या, म्हणजे वरच्या जवानांची राखण करतो असं आम्ही मानतो त्या जवानाच्या, मंदिरात जाताना रिपोर्ट दिला होता, तसा येतानाचाही दिला. मग गरम पाण्याच्या बादल्या. पहिल्या दोन बादल्यांचं पाणी अंगावरून काळं वाहिलं. आरसा बघितला तर त्यात आमच्या धाकट्या काकांसारखा कुणीतरी होता, अकरा किलोनं कमी.

नाशिकरोडला चुलतभाऊ पिकअप घेऊन आला होता. ओढा, चांदोरी करत येईपर्यंत तो सलग बोलत होता. कुणाचं लग्न, कुणाची निवडणूक, कांद्याचा भाव. आमच्या बागेबद्दल त्यानं एक अक्षर काढलं नाही, हे मला नंतर सुचलं.

घरी आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. मुलीनं आपल्याला ओळखलं नाही वगैरे प्रसंग फौजी लोक रंगवून सांगतात. माझी पोरगी आली, बिस्किटाचा पुडा घेतला आणि गेली. दिवसभर माणसं येत राहिली आणि प्रत्येकाचा एकच विनोद: "तुला काय आता निफाडची थंडी वाजणार!" सकाळी कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा साडेचारवर होता म्हणे. आता खरं सांगायचं तर मी कुडकुडत होतो. उणे 40 मध्ये माझ्या अंगावर सरकारनं दिलेले थरावर थर होते, पिसांची जाकिटं, तसलीच स्लीपिंग बॅग, डोक्याशी बुखारी. इथं पत्र्याचं घर, फटीतून येणारा वारा आणि एक गोधडी. पण हे कुणाला पटत नाही. फौजीला थंडी वाजली की लोकांना फसवल्यासारखं वाटतं.

संध्याकाळी मळ्यात गेलो आणि सवयीनं मोजलं. विहीर, शेड, मोटर. बाग अडीच एकर. बाग दीड एकर.

विहिरीपलीकडचा थॉम्पसन जातीच्या द्राक्षाचा एकराचा तुकडा नव्हता. चौदा वर्षांची वेल, मी बारावीत असताना लावलेली. त्या जागी कांद्याची लागवड झाली होती, पात जेमतेम वीतभर. मांडवाचे अँगल नव्हते, तारा नव्हत्या. बांधावर बुंध्यांचा ढीग रचला होता आणि त्यातली लाकडं ओढून नाना रात्रीच्या शेकोट्यांची तयारी करत होते.

मी काही बोललो नाही. जेवून दोघंही परत मळ्यात गेलो. लाईट त्या आठवड्यात रात्रीची होती, ते बरंच झालं. विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं, पहाटे ठिबक चालू ठेवलं की मुळाशी तेवढीच ऊब. नानांनी ओळींच्या तोंडाशी ओल्या पाचोळ्याचे ढीग घातले होते, जाळ कमी आणि धूर जास्त व्हावा म्हणून. वेलीच्या अंगाला आच लागता कामा नये. दर तासाला फेरी मारायची, विझत आलेल्या शेकोटीला लाकूड घालायचं. मी कधी त्यांच्याबरोबर ही रात्र काढली नव्हती. जानेवारीत सुट्टीच मिळाली नव्हती कधी.

दुसऱ्या फेरीनंतर मी विचारलं, "कधी तोडली?"

"दिवाळीनंतर." मग थांबून, "छाटणी झाली न् पाऊस लागून राहिला. डावणीचा रोग आला. फवाऱ्यावर फवारे मारले, घड कुजलेच. सोसायटीचं कर्ज होतं, औषधवाल्याचं होतं. अँगल-तारा विकल्या."

"दिवाळीनंतर तर आपण चार वेळा फोनवर बोललो, नाना."

"मग काय सांगणार होतो? तू तिथून येऊन फवारा मारणार होतास?"

याला उत्तर नव्हतं. जुन्या थॉम्पसनचं लाकूड चांगलं जळतं, संथ, निखारा धरून. मी ते बघत बसलो आणि माझ्याकडून कराडकराची गोष्ट बाहेर पडली. पाळी माझी होती, हेसुद्धा. ते मी तोवर बायकोलाही सांगितलं नव्हतं, अजूनही सांगितलेलं नाही. हे वाचूनच कळेल तिला.

नाना ऐकत राहिले. "असं होतंच" नाही, "तुझा काय दोष" नाही. बऱ्याच वेळानं विचारलं, "कुठल्या हाताची?"

"उजव्या."

"शेती आहे का त्याला?"

"आहे. ऊस."

"उसाला चालेल," नाना म्हणाले. "द्राक्षाला बोटं लागतात." आणि उठून फेरीला गेले.

चारच्या सुमाराला मोटर चालू केली. सगळ्यात वाईट वेळ पहाटे पाच ते सूर्य वर येईपर्यंतची, हे वरही तसंच होतं. उजाडल्यावर नानांनी एका घडाखाली तळहात धरला आणि अंगठ्यानं मणी फिरवून फिरवून पाहिले. मी पलीकडच्या ओळीतून तेच करत आलो. माझ्या ओळीत चार घडांवर तडे होते. नानांनी त्यांच्या ओळीतले सांगितले नाहीत.

सकाळी कराडकराला फोन लावला. तो सिक लीव्हवर घरी होता.

"काय म्हणतंय निफाड?"

जिभेवर नेहमीचं आलं होतं. मी म्हटलं, "एकरभर बाग तोडली घरच्यांनी. मला माहीतच नव्हतं."

तिकडं थोडा वेळ काहीच आवाज नाही. मागं कोंबडं आरवत होतं.

"शर्टाची बटणं लागत नाहीत रे अजून," तो म्हणाला. "आई लावून देते."