जातमुचलक्यावर सही न करणाऱ्या साथीच्या पाठीशी

मनाई आदेश मोडल्याबद्दल साथीला अटक झाली आणि मॅजिस्ट्रेटसमोर तो म्हणाला, ‘जामीन घेणार नाही.’ समर्थकांचं खरं काम इथून सुरू होतं. अशा तारखांना बसून बसून आम्हाला एक गोष्ट पक्की कळली आहे: कोर्टातला सत्याग्रह कागदावर उतरला तरच तो झाला. रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) ‘आरोपीने जामीनदार दिला नाही’ एवढंच लिहिलं गेलं, तर कोर्टाच्या लेखी तो माणूस पैशाअभावी आत आहे.

अटकेनंतर प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर हजर करावं लागतं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम 58; पुढे नुसतं ‘कलम’ आणि आकडा दिलाय तिथे हीच संहिता समजा). या वेळात तीन माणसं पुरतात. एकाने पोलीस ठाण्यात थांबून अटकेची वेळ, गुन्हा रजिस्टर नंबर आणि लावलेली कलमं लिहून घ्यायची. दुसऱ्याने वकिलाला कोरा वकालतनामा (वकील नेमल्याचा कागद) घेऊन ठाण्यावर आणायचं आणि सही तिथेच घ्यायची. साथी जेलमध्ये गेला की वकालतनाम्यावर जेलचा सही-शिक्का लागतो आणि त्यात दिवस जातात. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तिसऱ्याने साथीच्या घरच्यांजवळ बसायचं. हे काम सगळ्यांत कमी दिसतं आणि सगळ्यांत जास्त उपयोगी पडतं.

कलमं नीट वाचा. 1 जुलै 2024 पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या 188 च्या जागी भारतीय न्याय संहितेचं 223 आलं आहे. साध्या आदेशभंगाला 6 महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा 2,500 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. लोकांच्या जिवाला, आरोग्याला धोका झाला किंवा दंगलीचं कारण घडलं असं म्हटलं, तर 1 वर्षापर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. महाराष्ट्रात जोडीला पोलीस अधिनियम 1951 चं 37 आणि 135 बहुधा असतं. 223 ची दखल घ्यायला संबंधित अधिकाऱ्याची किंवा त्याच्या वरिष्ठाची लेखी तक्रार लागते (नागरिक सुरक्षा संहितेचं 215). पोलिसांनी नुसतं आरोपपत्र टाकलं असेल तर खटला तिथेच अडू शकतो. हा मुद्दा घ्यायचा की नाही, हे साथीने ठरवायचं, वकिलाने नाही. आमचं मत विचाराल तर पहिल्याच तारखेला तो काढू नये. तांत्रिक मुद्द्यावर सुटका झाली की ज्या आदेशाविरुद्ध बसलो त्यावर कोर्टात चकार शब्द निघत नाही.

आता जामीन. गुन्हा जामीनपात्र असेल तर कोर्ट जातमुचलका (तारखेला हजर राहीन असं आरोपीच्या स्वतःच्या सहीचं हमीपत्र) आणि जामीनदार मागतं. कलम 478 प्रमाणे आठवडाभरात जामीनदार देता आला नाही, तर आरोपी निर्धन आहे असं धरून नुसत्या जातमुचलक्यावर सोडता येतं. गरिबाला ही तरतूद हवीच, पण सत्याग्रहीच्या नकाराचा अर्थ ती बदलून टाकते. म्हणून पहिल्याच दिवशी वकिलामार्फत पुरसीस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, द्यायची. मजकूर चार ओळींचा पुरे: मी जामीन देऊ शकतो, देणार नाही, कारण हे, आणि सुनावणीला मी टाळाटाळ करणार नाही. पुरसीसवर निशाणी क्रमांक (कोर्टाच्या फाईलमधला कागदाचा नंबर) पडला का आणि रोजनाम्यात तिचा उल्लेख आला का, हे त्याच दिवशी बेंच क्लार्ककडे बघून घ्या. नंतर नकलेचा अर्ज करून शोधण्यात वेळ जातो आणि चूक राहिलेली असेल तर ती राहूनच जाते.

18 एप्रिल 1917 रोजी बिहारमधल्या मोतिहारीच्या कोर्टात गांधीजींनी चंपारण सोडून जाण्याचा आदेश मोडल्याचं मान्य केलं आणि जामीन द्यायला नकार दिला. मॅजिस्ट्रेटने त्यांना जामिनाशिवाय सोडलं आणि काही दिवसांत खटलाच मागे घेतला गेला. त्यांचं निवेदन लेखी आणि छोटं होतं, म्हणून ते जसंच्या तसं उरलं. भाषण तयार करणाऱ्या साथींना आम्ही हेच दाखवतो.

कोर्टात किती जणांनी जायचं? मॅजिस्ट्रेटच्या खोलीत वकील सोडून पंधरा-वीस माणसं कशीबशी मावतात. आम्ही आत सहा ठेवतो, बाकीचे आवाराबाहेर. फोन बंद, रेकॉर्डिंग नाही, आवारात घोषणा नाहीत. आतल्या सहापैकी दोघांकडे वही: पुकारा (खटल्याचं नाव पुकारणं) किती वाजता झाला, कोण काय बोललं, पुढची तारीख. आतल्या-बाहेरच्यांची अदलाबदल दोन पुकाऱ्यांच्या मधे. कोर्ट खुलं असतं (कलम 366), तरी शिपाई दारात अडवतो. तिथे हुज्जत घालू नका. वकिलाने आत जाऊन परवानगी मागितली की बहुतेक वेळा दार उघडतं.

न्यायाधीश आल्यावर उठायचं नाही, असा प्रस्ताव प्रत्येक बैठकीत येतो. आम्ही विरोधात असतो. कामकाजात मुद्दाम व्यत्यय किंवा अपमान झाला असं वाटलं तर कोर्ट त्याच दिवशी, उठण्यापूर्वी, 1,000 रुपयांपर्यंत दंड करू शकतं आणि तो न भरल्यास महिन्यापर्यंत साधी कैद (कलम 384). माफी मागितली की सुटका, आणि सत्याग्रही माफी मागणार नाही. कैदेची आम्हाला भीती नाही. पण दुसऱ्या दिवशी चर्चा उठण्या-बसण्याची होते आणि आत असलेल्या माणसाची मागणी मागे पडते.

त्यापेक्षा तोच आदेश मोडल्याचं नाव-पत्त्यासह लेखी निवेदन जास्त वजनदार असतं: ‘मीही तिथे बसलो होतो, मलाही तेच कलम लावा.’ प्रत्येकाचा कागद वेगळा, दोन प्रती, एकीवर ठाण्याची पोच, आणि पोच घेतलेल्या प्रती वकिलामार्फत कोर्टात. एकाच कागदावर पन्नास सह्या घेतल्या की कोण खरंच हजर होतं हा घोळ होतो, आणि खोटी सही निघाली तर सगळंच पडतं. सही करण्याआधी प्रत्येकाला स्पष्ट सांगा की हा कागद त्याच्याविरुद्ध वापरला जाऊ शकतो. सरकारी नोकर 48 तासांहून जास्त कोठडीत राहिला तर निलंबित मानला जातो. प्रलंबित खटल्याने पासपोर्ट अडतो. ज्याच्यावर आधीचे गुन्हे आहेत त्याला तडीपारीची नोटीस येऊ शकते. अशांना बाहेरची कामं द्या. त्यात कमीपणा मानू देऊ नका.

न्यायालयीन कोठडी एका वेळी जास्तीत जास्त 15 दिवसांची असते, म्हणून साधारण दर पंधरवड्याला तारीख येते. पुष्कळदा साथीला आणतच नाहीत, व्हीसीवर (व्हिडिओ कॉन्फरन्सवर) हजेरी होते. गावाकडून गाडी भरून माणसं आणायच्या आधी वकिलाकडून चौकशी करा. साथी दिसलाच नाही की आलेल्यांचा हिरमोड होतो आणि पुढच्या तारखेला निम्मेच येतात.

मग गुन्हा वाचून दाखवतात आणि ‘कबूल आहे का?’ विचारतात. कलम 275 प्रमाणे कबुली शक्यतो आरोपीच्याच शब्दांत नोंदवायची असते. ‘आदेश मोडला, पण आदेशच बेकायदा होता’ ही कबुली नव्हे. खटला चालेल आणि साक्षीपुरावे होतील. ‘मोडला, शिक्षा द्या’ ही कबुली आहे, आणि मग अपील फक्त शिक्षेच्या प्रमाणावर किंवा वैधतेवर उरतं. दोन्ही वाटा सत्याग्रहाच्याच. कोणती घ्यायची हे जेलमधल्या आधीच्या भेटीत ठरवून, वाक्य पाठ करून यावं लागतं.

शेवटचा घोळ दंडाचा, आणि घरच्यांजवळ बसलेला माणूस इथे लागतो. जातमुचलक्यावर साथीची स्वतःची सही लागते, म्हणून जामीन त्याच्या मनाविरुद्ध होत नाही. दंड मात्र कोणीही भरू शकतो. 6 महिन्यांच्या कलमात दंड न भरल्याची कैद जास्तीत जास्त दीड महिना होते, पण पावती फाटली की ती कैद तिथेच संपते. काळजीपोटी मेहुणा खिडकीवर पैसे भरतो, संध्याकाळी साथी दारात उभा राहतो, आणि आपला नकार आपल्याच माणसाने मोडला हे त्याला जेलपेक्षा जड जातं. म्हणून निकालाच्या आधीच, साथीच्या हातचं पत्र घेऊन, आई-वडील, बायको, भाऊ, मेहुणे अशा सगळ्यांशी एकदा बसून बोलून घ्या. पत्रात दंडाचा आकडा आणि कैदेचे दिवस दोन्ही लिहिलेले असावेत.