तुम्ही विचारलंत म्हणून: ड्रॅगन बोटीच्या 2000 मीटर शर्यतीला मी स्टिअर का करत नाही

दर मे महिन्यात टोरांटोत आमच्या ड्रॅगन बोटी पाण्यात उतरल्या की कोणीतरी नवीन मेंबर विचारतोच, ताई तुम्ही 200 आणि 500 मीटरला बोट वळवायचं वल्हं धरून मागे उभ्या राहता मग 2000 ला का नाही? आणि जुन्यांपैकी कोणीतरी तिथेच हसत हसत सांगतं, अरे त्यांनी एकदा दुसऱ्या बोटीची वॉश घेतली होती ना, म्हणजे तिने उठवलेल्या लाटेवर बसून गेल्या होत्या, तेव्हापासून. मग लगेच पुढचा प्रश्न, ते चीटिंग असतं का? मी काहीतरी थातूरमातूर बोलते आणि लाइफजॅकेट मोजायला लागते. तर आता एकदाच लिहून टाकते, परत विचारू नका. (विचाराल, माहितीये.)

लेनमधल्या शर्यतीबद्दल वादच नाही. आपल्या लेनच्या मधोमध जायचं, शेजारच्याच्या लाटेला हात लावायचा नाही. कयाक-कनूच्या स्प्रिंटमध्ये तर दुसऱ्या बोटीच्या 5 मीटरच्या आत जायलाच बंदी असते. त्यात नुसतं फेअर-अनफेअर नाहीये, साडेबारा मीटरची बोट, वर 22 माणसं, सगळं मिळून दोन टनांच्या आसपास जातं आणि ब्रेक नावाचा प्रकार नाही, त्यात दोन बोटी फार जवळून धावल्या की मधल्या पाण्यामुळे एकमेकींकडे ओढल्या जातात. ज्याने एकदा पॅडलवर पॅडल आपटलेलं ऐकलंय त्याला हे समजावावं लागत नाही.

2000 ला लेन नसते, तीन वळणं असतात, बोटी ठरावीक सेकंदांनी एकामागून एक सोडतात आणि निकाल घड्याळावर लागतो. त्या वॉशच्या दिवशी सकाळी स्टिअर्सच्या, म्हणजे बोट वळवणाऱ्यांच्या, मीटिंगमध्ये आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं की पुढच्याला गाठलंत तर ओलांडून जा, मागे चिकटून राहू नका. मी मान हलवली होती. हे आधीच सांगते म्हणजे नंतर नियम माहीत नव्हता असं मला म्हणता येणार नाही.

तिसऱ्या वळणाच्या थोडं आधी आम्ही पुढच्या बोटीला गाठलं आणि तोवर आमची माणसं संपली होती, मला मागून खांदे दिसतात ना, सहाव्या-सातव्या रांगेतली पॅडल्स नुसती पाण्यात बुडून वर येत होती. कोणी गाठतंय म्हटल्यावर पुढच्यांना मात्र जोर चढला. वळणातून मी बाहेरच्या बाजूने निघाले, खरंच ओलांडायलाच निघाले होते, आणि त्यांच्या बाजूने तिरकी येणारी लाट आमच्या पुढच्या भागाखाली आली. ज्यांनी हे अनुभवलं नाही त्यांना कसं सांगू, सायकलवाला पुढच्याच्या आडोशाला वारा चुकवतो तसं नाही हे, इथे बोट लाटेच्या उतारावर बसते आणि सतत थोडीशी खाली घसरत राहते. हातातलं वल्हं एकदम हलकं झालं. पाठी सरळ झाल्या. बोट पळायला लागली.

तिथून पुढे जायचं होतं. मी गेले नाही. ओलांडतेय असं दिसेल इतपत बाहेर आणि लाट सुटणार नाही इतपत आत, अशी मी ती बोट जवळजवळ 300 मीटर धरून ठेवली. ते बाजूला सरकले की मी सरकले. शर्यतीवर लक्ष ठेवणाऱ्या मार्शलची मोटरबोट होती, त्यांनी काही केलं नाही, लांबून बघणाऱ्याला तो एक रेंगाळलेला ओव्हरटेकच वाटणार. शेवटच्या 150 ला मी ओरडले, ताजीतवानी झालेली माणसं तुटून पडली आणि आम्ही त्यांना मागे टाकून आत आलो.

वल्हवणारे वीसच्या वीस पुढे तोंड करून बसलेले असतात, समोरच्याच्या पाठीपलीकडे त्यांना काही दिसत नाही. बोटीत माझ्याकडे तोंड करून एकच माणूस बसतं, पुढच्या टोकाला ड्रमवर ताल देणारी ड्रमर. ती सगळा वेळ माझ्याकडे बघत होती. ड्रमचा ताल चुकला नाही, पण कॉल देणं, म्हणजे ओरडून सूचना देणं, तिने बंद केलं होतं.

आता माझी बाजू. ज्यांची लाट घेतली त्यांचं जवळजवळ काही गेलं नाही, ते तसेही आमच्यानंतर सुटले असते तरी मागेच राहिले असते. कनू मॅरेथॉनमध्ये वॉश घेणं सर्रास चालतं, ती एक कलाच मानतात. ऑलिम्पिक ट्रायथलॉनमध्ये सायकलवर ड्राफ्टिंग, म्हणजे पुढच्याच्या आडोशाने जाणं, चालतं. सांगलीचा मामा, ज्याने लहानपणी आम्हाला कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यती दाखवल्या, तो फोनवर म्हणाला, अगं पाणी काय कुणाच्या बापाचं असतं का! हे सगळं मी ड्रमरला पार्किंगमध्ये ऐकवलं, मामाचं सोडून. ती म्हणाली, मॅरेथॉनमध्ये थोड्या वेळाने मागचा पुढे जाऊन ओढतो, तू गेलीस का?

निकाल लागला, आम्ही तिसरे. चौथ्या टीममध्ये आणि आमच्यात एका सेकंदाचाही फरक नव्हता. आणि ती चौथी टीम म्हणजे पुढची बोट नव्हेच. ती आमच्या खूप आधी सुटली होती, अख्खे 2000 मीटर एकटीच मोकळ्या पाण्यात, आजूबाजूला चिटपाखरू नाही. त्यांचा तंबू आमच्या शेजारीच होता. त्यांचे स्टिअर्स, साठीच्या पुढचे हाँगकाँगचे गृहस्थ, सोललेली संत्री घेऊन आले, हात मिळवला आणि म्हणाले शेवटचा टप्पा फार सुंदर काढलात, शिकवा आम्हाला. मी संत्रं खाल्लं. थँक यू म्हटलं.

सांगायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल. तेव्हा वाटलं की वीस जणांच्या गळ्यातलं मेडल काढून घ्यायचा मला काय हक्क, त्यांनी तर काही केलं नव्हतं. आजही हे मला पूर्ण चूक वाटत नाही. पण त्याच्या आदल्याच वर्षी 500 ला शेजारची बोट आमच्या लेनच्या कडेला आली म्हणून हीच मी लेखी प्रोटेस्ट घेऊन टेबलावर धावले होते, अक्षरशः ओल्या कपड्यांत, आणि तेव्हा त्यांच्या वीस जणांचा विचार माझ्या मनात आला नव्हता. त्या बाईला आज काय सांगू कळत नाही. ती म्हणेल 500 ला लेन होती. बरोबर आहे तिचं.

ड्रमर अजून आमच्याच टीममध्ये आहे, आम्ही एकाच गाडीतून प्रॅक्टिसला येतो, हा विषय निघत नाही.

आणि 2000 का नाही, तर पश्चात्ताप वगैरे धरून बसलेय म्हणून नाही. पुढे बोट दिसली की पाय आपोआप जागा बदलतात, वल्हं आपोआप तिकडे वळतं, लाट कुठे आहे ते मला डोळ्यांआधी तळव्यांना कळतं. मंगळवारी प्रॅक्टिसला दोन बोटी निघाल्या तर माझ्या बोटीत बसा, दाखवते. शर्यतीला दुसरं कोणीतरी बघा.