दोन घरे पुढे गेलेले प्यादे

मी परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. गणित आणि विज्ञान हे माझे विषय आहेत. बुद्धिबळ हे शाळा सुटल्यानंतरचे काम, पण गेली ९ वर्षे ते मी वेळापत्रकातल्या तासाइतक्याच जबाबदारीने करत आलो आहे. गेल्या पावसाळ्यात, पोळा होऊन आठवडाभर झाला असेल, जिल्हास्तरीय शालेय स्पर्धेसाठी ५ मुलांना घेऊन मी परभणीला गेलो. त्या एका दिवसात मला जे कळले ते त्याआधीच्या ९ वर्षांतच कळायला हवे होते, असे मला आजही वाटते.

आमची तयारी कमी नव्हती. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ च्या जुलैमध्ये बातुमीला महिला विश्वचषक जिंकल्यापासून मुलींचा उत्साह वाढला होता आणि व्हरांड्यात मांडलेले सहाही पट रोज भरलेले असत. मी मुलांकडून इटालियन आणि सिसिलियन या सुरुवाती पाढ्यांसारख्या पाठ करून घेतल्या होत्या. दहाव्या-बाराव्या चालीपर्यंत आमची मुले चुकत नसत आणि शहरातल्या मुलांसमोर ती बिचकत नसत, याचे मला समाधान होते. मात्र बाराव्या चालीनंतर काय, या प्रश्नाला माझ्याकडे पुढच्या व्हिडिओखेरीज उत्तर नव्हते आणि ते नाही हे माझ्या ध्यानातही आले नव्हते.

१४ वर्षांखालील मुलींच्या गटात आमची आठवीतली एक विद्यार्थिनी पहिल्या चार फेऱ्यांत फार चांगली खेळली. स्पर्धा स्विस लीग पद्धतीची होती, त्यामुळे जिंकत गेलेल्या मुलीसमोर पुढच्या फेरीत जिंकत आलेलीच मुलगी येते. पाचव्या आणि शेवटच्या फेरीत तिच्यासमोर शहरातल्या एका शाळेची, बरीच वर्षे शिकवणी लावलेली मुलगी होती. हा डाव जिंकला तर आमची मुलगी विभागीय स्पर्धेसाठी पात्र ठरणार होती. बरोबरी झाली तर अर्ध्या गुणाने यादीबाहेर राहणार होती.

मी दोरीच्या अलीकडे उभा होतो. मार्गदर्शकाने तिथून काही बोलायचे नसते, खूण करायची नसते आणि शक्य असेल तर चेहराही कोरा ठेवायचा असतो. चाळिसाव्या चालीच्या आसपास पटावर दोघींचा एकेक हत्ती, दोघींचे राजे आणि आमच्या मुलीचे एक जास्तीचे प्यादे एवढेच उरले. तिने ई६ (उभी रांग ई, आडवी रांग ६) या घरातला हत्ती आपल्या हत्तीने मारला, समोरच्या मुलीने राजाने तो हत्ती मारला आणि पट जवळजवळ रिकामा झाला. आता पांढरा राजा ई३ वर होता, पांढरे प्यादे आपल्या मूळ जागी ई२ वर, काळा राजा ई६ वर, आणि चाल आमची होती. हत्तींची अदलाबदल करण्याचा तिचा निर्णय योग्य होता. डाव जिंकलेला होता.

तिच्या घड्याळात ११ मिनिटे शिल्लक होती. तिने तीन सेकंदही घेतले नाहीत. ई२ वरचे प्यादे उचलून तिने ते ई४ वर ठेवले आणि घड्याळाची कळ दाबली. पहिल्या दिवशी प्रत्येक मूल शिकते तीच ही चाल, आणि शेकडो डाव तिने याच चालीने सुरू केले होते. समोरच्या मुलीने राजा ई५ वर आणून प्याद्याची वाट अडवली. पुढच्या दहा-बारा चाली मी पाहत राहिलो. पांढरा राजा डावीकडे गेला की काळा राजा त्याच्यासमोर येई, प्यादे सरकले की काळा राजा सरळ मागे जाई. शेवटी प्यादे ई७ वर, पांढरा राजा ई६ वर आणि काळा राजा ई८ वर अशी स्थिती झाली. काळ्या राजाला शह नव्हता आणि जायला घरही नव्हते. स्टेलमेट झाला. पंचांनी दोघींच्या सह्या घेतल्या आणि कागदावर अर्धा-अर्धा गुण लिहिला.

ती बाहेर आली तेव्हा मी तिला म्हणालो, "जिंकलेला डाव घालवलास." हे वाक्य मला परत घेता आले असते तर मी घेतले असते. ती काहीच बोलली नाही. आपली वही छातीशी धरून मैदानाच्या कडेला जाऊन उभी राहिली.

परतीच्या गाडीत बाकीची मुले भेळ खात होती आणि ती खिडकीपाशी बसली होती. माझ्या पिशवीत चुंबकाचा छोटा पट असतो. मी तो बाकावर उघडला, दोन राजे आणि एक प्यादे ठेवले आणि दिवसभरात प्रथमच तिला सांगण्याऐवजी विचारले, "इथे तुझ्या मनात काय आले होते?"

ती बराच वेळ पटाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "सर, प्यादं शेवटच्या घरात गेल्याशिवाय वजीर कसा होईल? एकदम दोन घरं गेलं तर लवकर होईल, असं वाटलं."

या उत्तरात आळस नव्हता आणि हयगयही नव्हती. जे तिला ठाऊक होते त्यावरून तिने सरळ, सुसंगत विचार केला होता. तिला जे ठाऊक नव्हते ते मी तिला कधी शिकवलेच नव्हते. सिसिलियनच्या अकराव्या चालीला घोडा कुठे न्यायचा हे तिला येत होते. एक राजा आणि एक प्यादे घेऊन जिंकायचे कसे, हे येत नव्हते. मग मी तिला सांगू लागलो की दोन राजे मधे एक घर सोडून समोरासमोर उभे राहिले, तर ज्याची चाल असेल त्याला बाजूला व्हावे लागते, याला ऑपोझिशन म्हणतात, वगैरे. ती मान हलवत होती. तिला पटलेले नाही, हे शिक्षकाला मान हलण्यावरूनच कळते. मानवत रोड स्टेशन गेले तसा मी पट मिटला.

सेलूला उतरून ऑटोने गावात पोहोचलो तोवर अंधार पडला होता. तिला घरी सोडायला गेलो तेव्हा तिचे आजोबा ओट्यावर बसले होते. गावात त्यांना सगळे आबा म्हणतात. ते देशी पद्धतीचे बुद्धिबळ खेळतात हे मी ऐकून होतो, पण त्यांच्याशी बसून खेळावे असे मला कधी वाटले नव्हते, कारण ते नियम आता स्पर्धांत चालत नाहीत आणि त्यातून मुलांचा गोंधळ उडेल अशी माझी समजूत होती. नातीने घडले ते सांगितले. आबांनी आतून कापडी पट मागवला. त्यावर काळी-पांढरी घरे नव्हती, नुसत्या आडव्या-उभ्या रेघा शिवलेल्या होत्या, आणि लाकडी सोंगट्यांचा रंग हाताळून हाताळून उडाला होता.

तिने स्थिती मांडली आणि आपली चाल करून दाखवली. आबा पुढे झुकले.

"ह्ये प्यादं एकदम दोन घरं गेलं?"

"हो आबा, नव्या नियमात पहिल्यांदा जाता येतं."

"जाता येतं म्हणून जायचं?" त्यांनी प्यादे उचलून परत ई२ वर ठेवले. "राजा घरात बसवून प्यादं एकटंच कशाला धाडायलीस गं? राजा पुढं घे. त्याला पुढची जागा मिळाली की प्यादं कुठं पळून जातंय? आन् एक चाल पदरात राखून ठेव, अडलं की कामाला येती."

त्यांनी राजा ई४ वर ठेवला आणि मला काळा राजा घ्यायला सांगितले. मी तीनदा तीन वेगवेगळ्या वाटांनी अडवून पाहिले. दोनदा ते माझ्या राजाच्या बगलेतून पुढे निघून गेले. तिसऱ्या वेळी दोघांचे राजे मधे एक घर सोडून समोरासमोर आले आणि चाल त्यांची होती. आता बाजूला त्यांनाच व्हावे लागणार, असे मला वाटले. आबांनी राजाला हातच लावला नाही. प्यादे एकच घर, ई३ वर सरकवले, आणि बाजूला होण्याची पाळी माझ्यावर आली. नात एकदम म्हणाली, "हीच चाल मी आधीच खर्च केली!"

गाडीत मी अर्धा तास जे समजावत होतो ते तिला त्या एका घरात दिसले. पुस्तकी भाषेत सांगायचे, तर प्यादे ई२ वर असताना पांढरा राजा डी४, ई४ किंवा एफ४ यांपैकी कोणत्याही घरात पोहोचला की, चाल कुणाचीही असो, डाव जिंकलेला असतो. ई३ वरच्या तिच्या राजाला ई४ वर जायला एकच पाऊल लागत होते. आबांना हा नियम ठाऊक नव्हता. देशी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर जाते, म्हणून प्याद्याला घाई करायची आणि राजाला मागे ठेवायचे, ही सवयच त्यांच्या हाताला लागलेली नव्हती. डाव संथ चालतो, तो शेवटपर्यंत जातो, आणि शेवट शेकडो वेळा खेळून झाल्यामुळे तो डोळ्यांना दिसू लागतो.

त्या रात्री मला मीर सुलतान खान आठवले. पंजाबात देशी नियमांचे बुद्धिबळ खेळत ते मोठे झाले आणि पाश्चात्त्य नियम बरेच उशिरा शिकले. तरीही १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीन वेळा त्यांनी ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा जिंकली आणि हेस्टिंग्जच्या १९३०-३१ च्या स्पर्धेत माजी जगज्जेते कापाब्लांका यांना हरवले. सुरुवातीच्या चालींचे पाठांतर त्यांच्यापाशी नव्हते. डावाचा उत्तरार्ध ते फार ताकदीने खेळत. खुद्द कापाब्लांकांचेही सांगणे असे होते की, शिकणाऱ्याने आधी डावाचा शेवट शिकावा. हे दोन्ही मी वाचलेले होते आणि मुलांना गोष्ट म्हणून सांगितलेही होते. त्यावरून माझा अभ्यासक्रम मात्र मी कधी बदलला नव्हता.

१२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूरला गुकेश आणि डिंग लिरेन यांच्यातल्या जगज्जेतेपदाच्या लढतीचा चौदावा डाव आम्ही शाळेत मोबाइलवर पाहिला होता, त्याचीही मला नव्याने आठवण झाली. ५५ व्या चालीला डिंग यांनी हत्ती एफ२ वर आणला, हत्तींची अदलाबदल झाली, मग उंटांचीही अदलाबदल टाळता येईना आणि राजा-प्याद्यांचा जो शेवट उरत होता तो हरलेला होता. जगज्जेतेपदाचा निकाल अशा जागी लागला होता. आम्ही मात्र टाळ्या वाजवल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवातीच्या चाली घोकायला बसलो.

मोबाइलवरच्या, चाली तपासून देणाऱ्या इंजिनाबद्दलही माझे मत त्या दिवसापासून बदलले आहे. राजे धरून पटावर सात किंवा त्याहून कमी मोहरी असली, तर त्या प्रत्येक स्थितीचे अचूक उत्तर संगणकाने काढून ठेवलेले आहे. तिने ती स्थिती मोबाइलवर मांडली असती, तर ई४ पुढे बरोबरी आणि राजाच्या चालीपुढे विजय, असे क्षणात दिसले असते. उत्तर खरे असते, पण ते का, हे न कळताच ती पुढच्या डावावर गेली असती. म्हणून आता आमच्याकडे डाव संपला की मुले आधी स्वतःच्या वहीतून तो पुन्हा मांडतात, जिथे विचार न करता हात गेला त्या जागेवर खूण करतात, तिथे मनात काय होते ते एका ओळीत लिहितात, आणि हे सगळे झाल्यावरच मोबाइल उघडतात. नव्या मुलाला पहिला महिनाभर ३२ सोंगट्यांचा पूर्ण डाव मी देत नाही. दोन राजे आणि एक प्यादे देतो. काही पालकांना हे संथ वाटते आणि त्यांच्या मुलांनी परभणीच्या शिकवणीची चौकशीही केली आहे. मी त्यांना अडवलेले नाही.

स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी परिपाठाला अजून वेळ होता. मी व्हरांड्याचे कुलूप काढत होतो तेव्हा ती वही घेऊन आली. रात्री आबांबरोबर खूप वेळ खेळत बसल्याचे तिच्या डोळ्यांवरून दिसत होते. तिने एक पान उघडून माझ्यासमोर धरले. त्यावर पेन्सिलीने आखलेला पट होता, प्यादे अगदी कडेच्या रांगेत होते आणि खाली लिहिले होते: "राजा पुढे नेला, चाल राखून ठेवली, तरी समोरचा राजा कोपऱ्यात जाऊन बसतो आणि निघतच नाही. सात वेळा खेळलो. आबांनाही जमले नाही."

"सर," ती म्हणाली, "कडेच्या प्याद्याला आपला कालचा नियम का चालत नाही?"

मी किल्ली खिशात ठेवली, फरशीवर पट अंथरला आणि तिला काळा राजा घ्यायला सांगितले.