टीसी चांगला होता, पण एकाच दिशेचा

जळगाव एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये मी क्वालिटी बघतो. ईएन-२४ या मिश्रपोलादाच्या ७५ × २५ मि.मी. फ्लॅटमधून (चपट्या पट्टीतून) आम्ही हार्डनिंग-टेम्परिंग केलेल्या, म्हणजे तापवून कडक करून मग पुन्हा बेताने तापवलेल्या तरफा बनवतो. एका लॉटच्या वेळी ग्राहकाच्या इन्स्पेक्टरने मालाचा टीसी (टेस्ट सर्टिफिकेट) वाचून विचारलं, "चार्पीचे नमुने कोणत्या दिशेने काढलेत?" चार्पी म्हणजे खाच पाडलेला नमुना हातोड्याच्या एका फटक्यात तोडून त्याला किती ऊर्जा लागली ते मोजणं. सगळे आकडे रोलिंगच्या दिशेचे होते. तरफेच्या भोकापाशी मात्र ताण आडवा येतो. लॉट अडकला.

चार्पीचा नमुना १० × १० × ५५ मि.मी. असतो, म्हणून ७५ च्या रुंदीत तो आडवा निघाला. पट्टी ५५ हून अरुंद असती तर पंचाईत होती. कापण्याआधी प्रत्येक तुकड्यावर दिशेचा बाण पंचाने ठोकला, कारण भट्टीत रंगाची खूण टिकत नाही. नमुने नाशिकच्या लॅबला नेले.

यिल्ड (कायमचं वाकायला लागतो तो ताण) आणि टेन्साइल (तुटण्याआधीचा कमाल ताण) दोन्ही दिशांना जवळपास सारखे आले. चार्पीची ऊर्जा मात्र आडव्या नमुन्यात निम्म्याहूनही कमी. शेठ म्हणाले, "टेम्परिंग वाढव." लॅबच्या मॅडमनी ते खोडून काढलं: त्याने कडकपणा उतरेल, आडवा आकडा थोडा सुधारेल, पण दोन दिशांमधला फरक तसाच राहील.

मग त्यांनी पॉलिश केलेला, एच न केलेला (आम्ल न लावलेला) तुकडा शंभरपट मोठा करून दाखवला. करड्या, लांबच लांब रेघा, सगळ्या रोलिंगच्या दिशेने. मँगनीज सल्फाइड, म्हणजे पोलादातल्या गंधकाचं मँगनीजशी झालेलं संयुग. रोलिंगच्या तापमानाला ते मऊ असतं, म्हणून पोलादाबरोबर ताणलं जातं. अल्युमिना (अल्युमिनियमचं ऑक्साइड) कडक, तो फुटून ठिपक्यांची माळ होतो. लांबीच्या दिशेने ओढलं तर या रेघा फारशा आड येत नाहीत. आडवं ओढलं की त्यांची अख्खी लांबी ताणासमोर येते, कडेला पोकळी सुटते, पोकळ्या जोडल्या जातात आणि भेग धावते. ताकद ठरवतं मूळ पोलाद, म्हणून यिल्ड-टेन्साइलच्या आकड्यांत यातलं फारसं काही दिसत नाही. पोलाद जितकं जास्त ताकदीचं, तितकं ते असल्या रेघा कमी सोसतं. मला हे पुस्तकातून माहीत होतं, पण डोळ्यांनी पाहिलं तेव्हा कुठे पटलं.

तो लॉट या कामाला वापरला नाही. नव्या ऑर्डरमध्ये गंधक जास्तीत जास्त ०.००५ टक्के, व्हॅक्यूम डीगॅसिंग (वितळलेल्या पोलादातले वायू निर्वातात काढणं), कॅल्शियम ट्रीटमेंट आणि आडवी चार्पी, असं सगळं लिहून घेतलं. कॅल्शियममुळे सल्फाइड गोलसर राहतं, रेघ होत नाही. माल महाग पडला, मिळायलाही वेळ लागला. ग्राहकाने लॉट पास केला.

आता तक्रार मशीनवरच्या नानांची आहे. गंधक कमी म्हणजे चिप तुटत नाही, ड्रिलभोवती लांब गुंडाळी होते आणि ड्रिल लवकर मरतं. फीड (ड्रिल पुढे सरकण्याचा वेग) बदलून आणि थांबत-थांबत ड्रिल करून सध्या निभावतंय. माझ्या मते हा त्रास पत्करायलाच हवा, आणि नानांना मी तसं सांगितलंय.