चित्र छापून आलं, बिल मात्र करारापाशी अडलं

मी नियतकालिकांसाठी चित्रं काढते आणि चित्रकलाही शिकवते. एका मासिकाने मोठ्या लेखासाठी पानभर चित्र मागितलं. लेख वाचला, रफ म्हणजे कच्चे आराखडे गेले, त्यातला एक पसंत पडला, रंगकाम झालं. सगळं सुरळीत. अडलं ते करारनाम्यावर, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

करार आला तो चित्र पोचल्यावर. त्यातलं एक कलम असं, की चित्र, कच्ची रेखाटनं आणि मूळ कागद यांचे सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमचे प्रकाशकाकडे. सही नाही तर मानधन नाही. म्हणजे ज्या ट्रेसिंग पेपरवर मी खिडकीतल्या बाईचा हात खोडखोडून वर सरकवला होता, तो माझ्याच विद्यार्थ्यांना दाखवायची चोरी! पुऱ्या झालेल्या चित्रातून मुलांना फारसं कळत नाही. तो हात आधी कुठे होता आणि का हलवला, हे दिसलं की रचना समजते.

कलासंपादकांना लिहिलं, तर ते म्हणाले, कायदेविभागाला विचारा. कायदेविभाग म्हणे, हा ठरलेला नमुना आहे, सगळेच सही करतात. लेखाविभागाचं एकच पालुपद, करार आल्याशिवाय बिल पुढे सरकत नाही. बोलायला सगळे गोड, निर्णय कुणीच घेईना. तोवर अंक बाजारात आलासुद्धा. काम वापरून झाल्यावर सहीसाठी पैसे अडवणं हा सरळ अन्याय आहे.

मग मी कलमाला पर्यायी मजकूर स्वतःच लिहून पाठवला: या अंकात आणि त्याच्या डिजिटल आवृत्तीत प्रथम प्रसिद्धीचा हक्क तुमचा, कॉपीराइट, रेखाटनं आणि मूळ चित्र माझं, पुन्हा वापरायचं तर वेगळं मानधन, वर्गात आणि कामाचा नमुना म्हणून दाखवायची मला मुभा. त्यावर पहिल्यांदा मुद्द्याचं उत्तर आलं. किरकोळ शब्दबदल करून त्यांनी ते मान्य केलं. केवढं हायसं वाटलं!

तेव्हा करार रफ पाठवण्याआधीच मागून घ्या. काम मध्येच रद्द झालं तर किती पैसे, तेही त्यातच लिहून घ्या. चित्राखाली नाव येणं ही मेहेरबानी नव्हे; श्रेयाचा आणि चित्राच्या मोडतोडीला हरकत घेण्याचा हक्क बर्न करारात, म्हणजे कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारात, १९२८ पासून आहे, आर्थिक हक्क विकले तरी तो उरतो. आणि हो, वर्तमानपत्राचं काम असेल तर शाईची मर्यादा विचारा. तो कागद शाई पितो. छपाईच्या चारही शाईंच्या टक्क्यांची एका जागची बेरीज साधारण २४० टक्क्यांच्या वर गेली की गडद भागाचा चिखल होतो.

वरच्या वर्गाला मी आता करारही वाचायला लावते. हक्कांची कलमं पेन्सिलने अधोरेखित करायची आणि समोर आपलं वाक्य लिहायचं. त्यातल्या एका मुलीने पहिल्याच कामात मूळ चित्र स्वतःकडे राखलं, तेही मला न विचारता.